ताटाच्या कडेवरचं नाव

गयाबाई गेल्यानंतर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी जेवायला बसले आणि सवयीनं आधी ताट उचलून त्याची कड पाहिली. पांढरं, गुळगुळीत, नव्या पद्धतीचं ताट होतं. कडेवर काही नव्हतं. शेजारी बसलेल्या पाहुण्या बाईंना वाटलं, माझ्या ताटाला खरकटं लागलंय. त्यांनी आपलं ताट पदरानं पुसून माझ्यापुढं सरकवलं. "तसं नाही, नाव बघत होते," मी म्हटलं. बाई लांबच्या होत्या, त्यांना काही कळलं नाही. पेडगावच्या आसपासच्या असत्या तर त्यांनीही आधी कडच पाहिली असती.

पाथरीच्या रस्त्याला पेडगाव सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. या भागात गेली कितीतरी वर्षं लग्न, बारसं, जावळ, तेरावं, जयंती, काहीही असो, माणसं जेवली ती बहुतेक गयाबाईच्या ताटांत. स्टीलची जड ताटं, खोलगट वाट्या, पाण्याचे जग, भाताच्या देगा, वरणाची पातेली, पोळ्यांच्या पराती, ओगराळी, झारे. सगळं भाड्यानं मिळायचं. आणि प्रत्येक वस्तूवर, चमच्याच्या दांड्यावरसुद्धा, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं एकच नाव: गयाबाई. आडनाव नाही, नवऱ्याचं नाव नाही, गावही नाही. या नावावरून आमच्या गावात जेवढी भांडणं झाली तेवढी बांधावरून झाली नसतील.

मी या गावात सून म्हणून आले. बुद्धवाड्यात आमच्या आणि तिच्या घरामध्ये फक्त एक लिंबाचं झाड. मी रोज जीपनं पाथरीच्या शाळेत शिकवायला जाते, म्हणून ती मला मास्तरीण म्हणायची. मी तिला आत्या म्हणायचे, कारण माझा नवरा म्हणायचा. तोंडावर 'तुम्ही' म्हणायचे, पण आता लिहिताना एकेरी येतंय. येऊ द्या.

आमच्या शाळेतले एक सर म्हणाले, मॅडम, गयाबाईंवर लिहा, कष्टकरी बाई, दारिद्र्य, संघर्ष, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मी हो हो केलं. पण तसलं काही माझ्या हातून होणार नाही. गयाबाईसमोर कोणी डोळ्यांत पाणी आणलं की ती विचारायची, "काय झालं, कचरा गेला का?" एकदा पंचायत समितीच्या कोण्या बाई आल्या होत्या, तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, किती सोसलंत हो तुम्ही. गयाबाईनं हात सोडवून घेतला आणि त्यांना नव्या पातेल्यांचं भाडं सांगितलं. बाई गेल्यावर मला म्हणाली, "कीव लय मिळती गं मास्तरीण. कितीबी घे, फुकट असती. भाव मागून बग, मग तोंडं वाकडी व्हतेत."

बुटकी, रुंद बाई. आवाज दोन माणसांचा. डोळ्यांवर जाड काळ्या काड्यांचा पुरुषी चष्मा, कारण दुकानातले बायकी चष्मे तिला तकलादू वाटले. दारात बाज होती, खुर्ची होती, पण ती बसायची पालथ्या घातलेल्या देगेवर. गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायची. देग खुर्चीहून उंच, त्यामुळं गिऱ्हाईक पाटील असो की मास्तर, त्याला मान वर करून बोलावं लागे. हे तिनं ठरवून केलं होतं की आपसूक झालं होतं, कोण जाणे. लुगडी चांगली नेसायची, तीही रोज. चांगलं लुगडं पेटीत ठेवून मरायचं आणि मग सुनांनी त्याच्यावरून भांडायचं, हे तिला पटत नव्हतं. तिला सून नव्हती, एकच मुलगी होती, तरी पटत नव्हतं.

आमच्या भागात एक रीत आहे. काय, कसं चाललंय, असं कोणी विचारलं की तोंड पाडून सांगायचं, "हाय आपलं कसंबसं." सोयाबीन घरात मावेना तरी कसंबसं. पोरगा नोकरीला लागला तरी कसंबसं. नजर लागू नये, कोणी उसनं मागू नये आणि मुख्य म्हणजे समोरच्याच्या पोटात दुखू नये, म्हणून. गावातला सगळ्यात सधन माणूस गावातलं सगळ्यात रडकं तोंड करून हिंडतो, हे मी लग्नानंतर वर्षभरात शिकले. गयाबाईनं ही रीत पाळली नाही. पारासमोरून जाताना कोणी विचारलंच तर ती थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "लय चांगलं चाललंय. आवंदा नवीन शेड टाकायलेय. या की बगायला." विचारणारा बिचारा खचायचा.

तिचा चुलत दीर शेषराव आमच्याच वाड्यात राहायचा. तो एकदा समजावायला आला. "वहिनी, मानसानं जरा दबून ऱ्हावं. लोकांच्या डोळ्यावर येतंय."

"मग लोकांनी डोळे झाकावं."

"तसं न्हाई. गरीब व्हतीस तवा सगळे चांगलं बोलायचे तुला."

"व्हय. तवा चांगलं बोलायचे आन् शिळं द्यायचे," गयाबाई म्हणाली. "आता वाईट बोलतेत आन् भाडं देतेत. मला हेच परवडतंय."

हा धंदा तिनं रागातून काढला. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती तालुक्याच्या गावी एका मंडपवाल्याकडं भांडी मागायला गेली होती. त्यानं आधी कुठल्या वाड्यातलं लग्न ते विचारलं. मग आतून पोचे आलेली, कानतुटकी भांडी काढून दिली आणि भाडं मात्र चढं सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाला, तुमच्याकडं गेलेली भांडी परत आली की वेगळी ठेवावी लागतात बाई, दुसऱ्या लग्नात चालत नाहीत. गयाबाईनं ती भांडी तिथंच रस्त्यावर ठेवली आणि परत आली. लग्नाचं जेवण वाड्यातल्या घराघरांतून गोळा केलेल्या पातेल्यांत शिजलं. जावई वाटी नव्हती म्हणून तांब्यातून आमटी प्याला. ते सांगताना ती हसायची, पण मंडपवाल्याचं सांगताना हसायची नाही.

लग्नानंतर तिनं दारातल्या शेळ्या विकल्या आणि परभणीला जाऊन पहिली देग आणि थोडी ताटं घेतली. दुकानाबाहेर नाव कोरणारा बसलेला असतो. त्यानं यंत्र हातात घेऊन विचारलं, "कुणाचं नाव टाकू?"

"गयाबाई."

"मालकाचं सांगा."

"मालक मीच हाय."

"तसं न्हाई, घरधन्याचं."

"पैसे कोणी दिले?" गयाबाईनं विचारलं.

त्या माणसानं दुकानाच्या आत बघितलं. आतला दुकानदार म्हणाला, दिलेत बाईंनीच. मग त्यानं नाव टाकलं. हा प्रसंग मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की मी तिथं होते असंच मला वाटतं. दरवेळी ती शेवटी म्हणायची, "त्याला मी आडवंतिडवं काय बोलले न्हाई. फक्त विचारलं, पैसे कोणी दिले."

आणखी एक गोष्ट मात्र तिनं एकदाच सांगितली. तिची आई दादारावांच्या गोठ्यात शेण काढायला होती. दादाराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, एके काळचे सरपंच. आईला तिथं चहा मिळायचा, पण तिची कपबशी वेगळी. गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलेली. चहा वरून ओतला जायचा, पिऊन झाला की आपली आपण धुवायची आणि परत तिथंच खोचायची. "पांढरी व्हती, निळ्या फुलाची," गयाबाई म्हणाली. "मला लहानपनी वाटायचं, मायची किती ऐट, तिला मोठ्या लोकांच्या घरी स्वतःची कपबशी हाय." मग उठून आत गेली.

भांडी द्यायची तिची अट ठरलेली. भाडं आधी, भांडी घासून परत आणि पहिल्या पंगतीत तिचं एक पान. आमच्याकडं पहिली पंगत मोठ्या माणसांची आणि पाहुण्यांची. बायका शेवटी, आणि आमच्या वाड्यातली माणसं त्याही शेवटी, तीही बाजूला. भांडी कोणाची का असेनात, जेवायला कोण कधी बसणार हे घरमालक ठरवतो, असं सगळे धरून चालायचे. एका गावी लग्नाला मीही होते, नवरीला मी शाळेत शिकवलं होतं. गयाबाई टेम्पोतून उतरली, हातपाय धुतले आणि फेटेवाल्यांच्या रांगेत जाऊन मांडी घालून बसली. यजमान वाकून हळूच म्हणाले, "बाया मागून बसतेत, बाई."

"बसू द्या की. मी बाई म्हून न्हाई बसले. भांडीवाली म्हून बसले. ठरलंय आपलं."

वाढणारा पोरगा भाताची परात घेऊन आला आणि तिला ओलांडून पुढच्याला वाढायला लागला. गयाबाई शांतपणे म्हणाली, "बाळा, हे ताट मपलं हाय. ते समोरचं बी मपलंच हाय. तुझ्या हातातली परात बी. इकडून सुरुवात केली तरी चालतंय." रांगेतले एक म्हातारे गृहस्थ फसकन हसले आणि मग सगळेच सैलावले. पोरगा मागं आला. ती पोटभर जेवली, दोनदा भात मागून घेतला, आणि वरणात मीठ कमी आहे हे आचाऱ्याला जाताजाता सांगून आली.

मग दादारावांच्या नातीचं लग्न निघालं. तिथी अशी दाट होती की परभणीपासून पाथरीपर्यंत कोणा मंडपवाल्याकडं चमचा शिल्लक नव्हता. दादारावांचा मुलगा विलास गयाबाईच्या दारात आला आणि खुर्चीवर बसला. मी लिंबाखाली तांदूळ निवडत होते.

"गयाबाई, तुमची सगळी भांडी लागतेत," तो म्हणाला. 'तुमची' त्याच्या तोंडातून पहिल्यांदाच निघालं असावं, अडखळत निघालं. "भाडं म्हणाल ते. अट बी मान्य. फक्त एक हाय."

"काय?"

"पुण्या-मुंबईचे पाहुणे येयलेत. ताटावर नाव... म्हंजे बरं दिसत न्हाई. आमी नवरा-नवरीच्या नावाचे स्टिकर छापून आणताव. तुमच्या नावावर चिटकवताव. जेवणं झाली की काढून टाकताव."

"स्टिकर चांगले असतेत," गयाबाई म्हणाली. "नावाच्या शेजारी लावा. ताट मोठं हाय, जागा मोप हाय."

विलास खाली बघत बसला. मग म्हणाला, "न्हाईतर असं करताव, आमच्या खर्चानं सगळी भांडी पॉलिश करून आणताव. नव्यावानी करून देताव तुमाला."

"म्हंजे नाव घासून."

"मागून परत टाका की तुमी. आमी कुठं न्हाई म्हणायलाव."

गयाबाईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "विलासराव, तुमच्या ट्रॅक्टरवर मागं काय लिवलंय?"

"दादांचं नाव हाय."

"आमच्या वाड्यातल्या लोकांच्या रानात तो नांगरटीला येतो. भाडं देतेत ते. कधी कोणी म्हटलं का, नावावर फडकं टाकून आणा, आमच्या पाहुण्यांना बरं दिसत न्हाई?"

विलास उठला. जाताना त्यानं खुर्ची नीट भिंतीला लावून ठेवली, हे मला अजून आठवतं. त्या लग्नाला भांडी कुठून तरी लांबून आली, आणि नंतर ताटं गंजकी होती अशी कुजबुज झाली. पण दादारावांच्या घरानं हा अपमान मनात धरला. अपमान कोणाचा झाला होता, हा प्रश्न विचारायचा नसतो.

महिन्याभरात पारावर बैठक झाली. गावाची भांडी गावात असावीत, एका माणसानं गावाला वेठीला धरू नये, असं ठरलं. वर्गणी निघाली. आमच्या वाड्यातून ती गोळा करायला दारोदार कोण फिरलं, तर शेषराव. जळणं ही काही मोठ्यांच्याच घरची मिरास नाही. आमच्यातही ज्यांना दादारावांकडं बघून कधी काही वाटलं नाही, त्यांना गयाबाईची शेड बघून झोप येत नव्हती. दादाराव मोठे होतेच, जन्मापासून. ही मात्र कालपरवापर्यंत आपल्याबरोबर कापूस वेचत होती, हे दुखणं वेगळं. मला तेव्हा शेषरावाचा इतका राग आला की मी त्याच्या घरी साधं जाणं-येणंही बंद केलं होतं. गयाबाई मात्र त्याच्याशी बोलत राहिली.

नवीन भांडी आली. वाजतगाजत आली. त्यांच्यावर नाव होतं 'समस्त गावकरी'. भाडं नाही, अट नाही. गयाबाईची भांडी शेडमध्ये थप्पी लागून राहिली. ती जिंतूरच्या बाजूला फिरून आली, पाथरीकडची थोडी गिऱ्हाइकं धरली, पण तेवढ्यानं भागण्यासारखं नव्हतं. पुढच्या लग्नसराईत तिनं टेम्पो विकला. एका दुपारी मी गेले तर ती एकेक ताट उचलून धूळ पुसत होती आणि परत थप्पीला लावत होती.

"आत्या, नाव काढलं असतं तर?" मी विचारलं.

"तर भांडी चालली असती."

"मग?"

"मग काय. मायची कपबशी बी चालतच व्हती की." तिनं पुढचं ताट उचललं. "मी पडले की ह्या लोकांना लय आवडंल बग. येयलेत आता एकेक विचारपूस करायला. सुपारी खायला देतेत."

लोक खरंच यायचे. गोड बोलायचे. कसं चाललंय, असं हळव्या आवाजात विचारायचे. त्या दिवसांत तिच्या घरात संध्याकाळी कधी कधी नुसतंच पिठलं असायचं, मला माहीत आहे. ती देगेवर बसून सांगायची, "लय चांगलं चाललंय."

पुढं काय झालं ते कोणीही सांगू शकेल. गावाची भांडी म्हणजे सगळ्यांची, आणि घासायची वेळ आली की कोणाचीच नाहीत. लग्न झालं की ताटं त्या घरी राहायची. वाट्या पोरांच्या खेळण्यात गेल्या. पराती शेतावर, पातेली माहेरी. देवळामागच्या खोलीत शेवटी चारदोन जग आणि एक झाकण उरलं. झाकण कशाचं, यावरही वाद होता. याबद्दल कोणी कोणाला दोष दिला नाही, कारण प्रत्येकाच्याच घरात 'समस्त गावकरी' होतं.

दादारावांची बायको वारली. तिसऱ्या दिवशी विलास परत आला आणि उभाच राहिला. "तेराव्याला भांडी पाहिजेत."

"बसा," गयाबाई म्हणाली. "लय चांगली बाई व्हती तुमची माय. माझ्या मायच्या ओंजळीत गूळ ठिवायची, वरून टाकायची न्हाई." मग विचारलं, "अट माहिती हाय?"

"हाय."

"नाव?"

"असू द्या," विलास म्हणाला.

भाडं तेच सांगितलं. एक रुपया चढवला नाही. वाड्यातले काही म्हणाले, आता धर त्यांना, आता वसूल कर. ती म्हणाली, भाव माझा आहे, मी तो कोणाच्या रागानं वाढवत नाही आणि कोणाच्या भीतीनं कमी करत नाही. भांडी पोचवायला गेली तेव्हा तिला गोठ्यात 'समस्त गावकरी' देग दिसली. म्हैस तिच्यात तोंड घालून पाणी पीत होती. हे तिनं घरी आल्यावर मला सांगितलं आणि मग आम्ही दोघी लिंबाखाली बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

तेराव्याला मी तिच्याबरोबर गेले होते. पहिली पंगत बसली. दादाराव थकले होते, त्यांना विलासनं हाताला धरून आणून बसवलं. शेजारची जागा रिकामी होती. गयाबाई तिथं जाऊन बसली. मी बायकांमध्ये चुलीच्या बाजूला उभी होते, ऐकू येईल एवढी जवळ. सगळ्यांचे हात थांबले होते. दादारावांनी समोरचं ताट जवळ ओढलं आणि कडेवरच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. त्यांना आता कमी दिसायचं.

"गया," ते म्हणाले, "तुझ्या मायची कपबशी व्हती आमच्या गोठ्यात."

"माहिती हाय."

"निळ्या फुलाची."

"व्हय. हाय का अजून?"

दादाराव म्हणाले, "फुटली."

"बरं झालं," गयाबाई म्हणाली आणि वाढप्याकडं वळली. "वाढ रे इकडं भाजी. आन् ह्यांना मऊ भात वाढ, दात न्हाईत त्यांना."

मला तेव्हा रडू आलं. तिला चाललं नसतं, म्हणून मी धुराकडं तोंड केलं. घरी येताना रस्त्यात मी विचारलं, आत्या, एवढंच? मी तुमच्या जागी असते तर सगळं ऐकवलं असतं. ती म्हणाली, "ती कपबशी मी लय वर्सं डोक्यावर घेऊन हिंडले. आज कळलं, फुटून बी गेलती. मग आता काय धरून ठिवू?"

त्यानंतरची वर्षं तिची चांगली गेली. परत टेम्पो आला, शेड वाढली. आणि मग शेषरावाच्या मुलानं, मिलिंदनं, परभणीत केटरिंग सुरू केलं. पोरगा हुशार, हॉटेलात कामं करून शिकलेला. उभ्यानं जेवायची पद्धत, पांढरी ताटं, टेबलांना झालरी, गरम ठेवायच्या पेट्या. आमच्या भागातली लग्नं त्याच्याकडं वळायला लागली. गयाबाईचा जळफळाट झाला. हो, झालाच. ती देवमाणूस होती असं दाखवायला मी हे लिहीत नाही. महिनाभर तिनं त्या ताटांना नावं ठेवली. दवाखान्यातल्यावानी दिसतात, हातात घेतली की उडून जातील, उभ्यानं जेवतात ती काय जनावरं आहेत. एक दिवस मिलिंद नवीन गाडीतून वाड्यात आला. ती देगेवरून मला म्हणाली, "लय उडायलाय पोरगं. जरा दबून..."

आणि थांबली. मी मान खाली घालून शेंगा फोडत राहिले. मग ती म्हणाली, "मास्तरीण, हे कोण बोलायलंय गं?"

"शेषरावभाऊजी," मी म्हटलं.

ती हसली नाही. उठली, चपला घातल्या आणि शेषरावाच्या दारात जाऊन मिलिंदला हाक मारली. "कसं चाललंय रे?"

पोरगं चाचरलं. समोर कोण आहे ते बघून म्हणालं, "हाय काकू, कसंबसं."

"खोटं बोलू नको. नीट सांग."

"लय चांगलं चाललंय, काकू."

"आता कसं," गयाबाई म्हणाली.

त्याला मोठ्या देगा आणि पातेली हवीच होती. ताटं बदलली तरी भात देगेतच शिजतो. तिचे गुडघे गेले होते, मुलगी कधीपासून बोलवत होती. सौदा ठरला. मिलिंद म्हणत होता, काकू, घरचाच आहे, नंतर बघू. तिनं ऐकलं नाही. रीतसर भाव केला आणि तासभर घासाघीस झाली, शेषराव मध्ये पडायला गेला तर दोघांनी त्याला गप्प बसवलं. सगळं झाल्यावर मिलिंद हळूच म्हणाला, "काकू, नावाचं काय करू? मी माझ्या केटरिंगचं टाकणार होतो. पण तुमी म्हणाल तर ऱ्हाऊ देतो."

त्या नावासाठी तिनं काय काय घालवलं ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, आता म्हणेल, राहू दे.

"पैसे कोणी दिले?" गयाबाईनं विचारलं.

"मी."

"मग मला कामून विचारतो?"

मी तिला शेवटचं पाहिलं ते दोन दिवसांनी, रविवारी सकाळी. मुलीच्या गावी जायचं म्हणून चांगलं लुगडं नेसलेली, गाठोडं दारात बांधून ठेवलेलं. मिलिंदनं अंगणात ग्राइंडर लावला होता. देगेवरचं नाव खोल टोचलेलं, यंत्राखाली देग सारखी हलत होती. गयाबाई बाजेवरून उठली, खाली बसली आणि देग स्वतःच्या गुडघ्यांत धरली. "अर्धवट ठिवू नको," ती त्याला म्हणाली. "घासायचं तर पुरतं घास."

शेषराव भिंतीला टेकून उभा होता. त्याच्यानं राहवलं नाही. "वहिनी, ह्या नावापायी सगळ्या गावाशी भांडलीस. आन् आता सोताच्या हातानं पुसायलीस. ऱ्हायलं काय तुझं?"

गयाबाईनं मिलिंदला हातानं थांबवलं. यंत्र बंद झालं. तिनं चष्मा वर केला आणि दिराकडं बघितलं.

"भाऊजी, तुमी किती जेवलाव माझ्या ताटांत?"

"लय जेवलाव."

"दादाराव जेवले, विलास जेवला. समदं गाव जेवलं. नाव बगून जेवलं. भांड्यावरचं हे पोरगं पुसल, ते त्याचं हाय. तुमी जेवलाव ते कोण पुसणार हाय?"

गयाबाईनं देग गुडघ्यांत आणखी घट्ट धरली.

"कर चालू," ती म्हणाली.